घर पाच जणांचं, प्रवास एकटीचा

ताई, नमस्कार.

मी ३७ वर्षांची, नोकरी करते. घरी नवरा, ९ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सध्या आम्ही शहराच्या मध्यभागी दोन खोल्यांत राहतो. मुलांना खेळायला जिन्याशिवाय जागा नाही, पण माझं ऑफिस घरापासून २५ मिनिटांवर आहे. आता समुद्राजवळच्या एका उपनगरात घर मिळतंय. तीन खोल्या, बाल्कनी, चालत जाण्यासारखी शाळा, बाग, थोड्या अंतरावर किनारा. सगळी वस्ती मुलंबाळं असलेल्या कुटुंबांची. स्टेशन ८ मिनिटांवर आणि शहरात थेट गाडी, ४५ मिनिटांची. नवऱ्याला आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं. उरलेल्या दोन दिवसांचं त्याचं ऑफिस त्याच मार्गावर, नव्या घरापासून १५ मिनिटांवर पडेल. तो खूश, मुलगी खूश, सासूबाईंनी तर सामान बांधायला घेतलंय. मलाच झोप लागत नाही. ‘एवढी सोय आहे, तुझं अडतंय कुठे?’ असं नवरा विचारतो आणि मला उत्तर देता येत नाही. नाही म्हटलं तर चौघांच्या सुखाच्या आड मी आले असं होईल. मी स्वार्थी आहे का?

– काठावर उभी

प्रिय ‘काठावर उभी’,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, घर बदलण्याआधी सगळ्यांनाच होते तशी ही घालमेल असेल. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय, फक्त ते नवऱ्याच्या ऑफिसबद्दलच्या तुमच्या वाक्यात दडलंय. त्याचं ऑफिस १५ मिनिटांवर, तेही दोनच दिवस. मुलीची शाळा चालत जाण्यासारखी. सासूबाई घरीच. म्हणजे या नव्या घरातल्या पाच माणसांपैकी चौघं घराजवळ आणि एक जण लांब. ती एक जण तुम्ही. घर पाच जणांना मिळतंय आणि त्याची वेळेतली किंमत एकटी तुम्ही भरणार आहात. हे अजून कुणी मोठ्याने म्हटलेलं नाही, म्हणून तुम्हाला झोप लागत नाही. यात स्वार्थ कुठे आला?

आधी साधा हिशेब करू. जाहिरातीतलं ‘८ मिनिटांवर स्टेशन’ हे एकट्या माणसाचं, रिकाम्या हाताचं, झपाझप चालणं असतं. घराचं दार लावून, लिफ्टची वाट बघून, रस्ता ओलांडून फलाटावर पोहोचायला तुम्हाला १२ मिनिटं धरा. गाडीची वाट ६ मिनिटं. गाडीत ४५. उतरल्यावर गर्दीतून बाहेर पडून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत १४. झाली ७७ मिनिटं. येताना तेवढीच, म्हणजे दिवसाला १५४. आज तुमची जाऊन-येऊन ५० होतात. रोज १०४ मिनिटं वाढली. पाच दिवसांच्या आठवड्यात ८ तास ४० मिनिटं. एक आख्खा कामाचा दिवस तुम्ही दर आठवड्याला जास्तीचा भरणार, बिनपगारी. सुट्ट्या वगळून वर्षात ४६ आठवडे धरले तरी हा आकडा ४०० तासांच्या घरात जातो. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही घड्याळ लावून तुमचे काढा. पण काढा नक्की, आणि कागदावर लिहा. डोक्यातला हिशेब नेहमी ‘पाऊण तासाचा तर प्रवास’ असाच येतो.

इतिहासातली एक गोष्ट मला इथे फार बोलकी वाटते. रोज कामासाठी ये-जा करणाऱ्याला इंग्रजीत जो ‘कम्यूटर’ म्हणतात, तो शब्द १८४०च्या दशकातल्या अमेरिकन रेल्वेकडून आला. रोजच्या प्रवाशांना रेल्वेकंपन्या सवलतीचा पास देत. सुट्या तिकिटांचं भाडं एकत्र करून कमी करणं म्हणजे ‘कम्यूट’ करणं. पैसे कमी झाले, पास आला, पाठोपाठ रुळांच्या कडेने उपनगरं वाढली. तासांमध्ये मात्र सूट कुणालाच मिळाली नाही, आजही मिळत नाही.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं. याकोव्ह झहावी या वाहतूक-अभ्यासकाच्या कामावर ते आधारलेलं होतं. माणूस पायी चालो की मोटारीने जावो, दिवसाच्या एकूण प्रवासात तो सरासरी साधारण एक तास घालवतो. वाहन वेगवान झालं की माणूस वेळ वाचवत नाही, घर लांब नेतो. हा काही निसर्गाचा नियम नव्हे, सरासरी आहे. तरी तुमची आजची ५० मिनिटं त्या तासात बसतात आणि उद्याची १५४ त्याच्या अडीचपट होतात. तुमच्या मनाने हे आकडा न मांडताच ओळखलंय.

मोठं घर, हवा, शाळा, समुद्र यांनी प्रवासाची भरपाई होईल, असं तुम्हाला सगळे सांगत असतील. अर्थशास्त्रही बरीच वर्षं तसंच मानत आलं. लांबचा प्रवास माणूस स्वीकारतो तो बदल्यात काहीतरी मिळतं म्हणून, तेव्हा शेवटी फिट्टंफाट होत असणार. अलोइस श्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवर हे तपासून पाहिलं. २००८ मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की फिट्टंफाट होत नाही. प्रवास जितका लांब, तितकं माणसाचं स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान कमी. याला त्यांनी प्रवासाचा विरोधाभास म्हटलं. मला यामागचं कारण साधं वाटतं. मोठ्या बाल्कनीची आपल्याला सवय होते. गाडी चुकण्याची होत नाही, कारण ती रोज नव्याने चुकते.

पण तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं आहे ते २०११ सालचं एक ब्रिटिश संशोधन. जेनिफर रॉबर्ट्स, रॉबर्ट हॉजसन आणि पॉल डोलन यांनी कामावर जाण्यायेण्याचा मानसिक आरोग्यावर काय परिणाम होतो ते स्त्रिया आणि पुरुष यांच्यात वेगवेगळं पाहिलं. स्त्रियांवर वाईट परिणाम दिसला, पुरुषांवर सर्वसाधारणपणे दिसला नाही. स्त्रियांच्या कामाचे तास कमी असतात किंवा नोकऱ्या वेगळ्या असतात म्हणून असं होतं का, हेही त्यांनी तपासलं आणि ते कारण त्यांना पटलं नाही. मुलांचं आणि घरातलं रोजचं काम स्त्रियांकडे जास्त असतं, त्यामुळे तोच तासाभराचा प्रवास त्यांना जास्त जाचतो, असं त्यांचं म्हणणं. गाडीत बसलेला माणूस दोन्हीकडे उशिरा पोहोचत असतो. ज्याची वाट एकाच टोकाला पाहिली जाते, त्याला तो तास वाचनाचा मिळतो. जिची दोन्ही टोकांना पाहिली जाते, ती तो तास घड्याळाकडे बघत काढते.

मी हे ऐकीव सांगत नाही. मीही अशाच एका उपनगरात ११ वर्षं राहिले आणि रोज अप-डाउन केलं. त्या वर्षांनी मला पुष्कळ दिलं, ते पुढे सांगते. पण एक दुपार मी विसरलेले नाही. दोन वाजता शाळेतून फोन आला, मुलगा पडलाय, हात सुजलाय. मी पर्स उचलून धावले. सकाळी दर काही मिनिटांनी येणारी गाडी दुपारी त्या वेळेत तितकी वारंवार नसते, हे मला त्या दिवशी कळलं. पाच वर्षं तिथे राहून त्या दिवशी. मी पोहोचले तेव्हा १ तास ५० मिनिटं उलटली होती. बाजूच्या घरातली शेजारीण त्याला दवाखान्यात घेऊन गेली होती, हाताला प्लास्टर झालं होतं, तो झोपला होता आणि ती त्याचे बूट मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. मुलाचं सगळं नीट झालं. ते बूट मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

‘दळणवळणाची उत्तम सोय’ हे शब्द ज्या गाड्या मोजून लिहिलेले असतात, त्या सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी परत धावणाऱ्या असतात. नोकरदाराला ऑफिसात पोहोचवण्यासाठी ती सोय उत्तम असते. आईला दुपारी दोन वाजता मुलाकडे पोहोचवण्यासाठी ती कुणी आखलेली नसते. म्हणून वेळापत्रक हातात घ्या आणि दुपारी ११ ते ४च्या गाड्या पाहा. रात्री शेवटची गाडी कधी ते पाहा. सुट्टीच्या दिवशी किती गाड्या कमी होतात ते पाहा. आणि मार्ग बंद पडला तर दुसरा रस्ता कोणता, बस आहे का, तिला किती वेळ लागतो, हे विचारा. किनाऱ्याकडच्या वस्तीत हा प्रश्न जास्त टोकाचा असतो, कारण एका बाजूला पाणी असतं. तिकडून वळसा घालून कुठे जाता येत नाही. पुष्कळदा सगळं उपनगर एका रुळावर आणि एका मोठ्या रस्त्यावर लटकलेलं असतं.

आता समुद्राबद्दल. घर घेणारी माणसं किनारा पाहायला संध्याकाळी जातात आणि भुलतात. त्यात वावगं काही नाही. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरून गार वारा आत येतो, दुपार ते संध्याकाळ हा सर्वांत सुखाचा वेळ. पण त्याच वाऱ्यातून मीठ येतं. किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरमध्ये त्याचा मारा सर्वांत जास्त, पुढे झपाट्याने कमी होतो. म्हणजे ‘समुद्र दिसतो’ आणि ‘समुद्र जवळ आहे’ यांत राहणाऱ्यासाठी मोठा फरक आहे आणि दुसरं मला तरी अधिक शहाणपणाचं वाटतं. मिठातले क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपत आतल्या सळ्यांपर्यंत पोहोचतात. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. घर पाहायला जाल तेव्हा दिवाणखान्यातल्या फरशीकडे कमी आणि वरच्या मजल्याच्या बाल्कनीच्या पोटाकडे जास्त बघा. तिथे तांबूस डाग, सरळ रेषेतल्या भेगा, फुगलेला गिलावा दिसला तर इमारतीची दुरुस्ती शेवटची कधी झाली आणि पुढची कधी ठरली आहे ते लेखी मागा. खिडक्यांच्या बिजागऱ्या हलवून पाहा. साधं स्टेनलेस स्टीलही तिथे डागाळतं. मॉलिब्डेनम असलेलं ३१६ जातीचं स्टील खाऱ्या हवेत जास्त टिकतं, हे ग्रिल किंवा कठडा करून घेताना लक्षात ठेवा. कपाटांच्या मागच्या भिंतीवर हात फिरवा, ओल हाताला लगेच कळते. सासूबाईंना दम्याचा किंवा सांध्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

आणि पाणी. भरती दिवसातून साधारण दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून ती रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची, अष्टमीच्या सुमाराला भांगाची. उधाणाच्या वेळी समुद्राची पातळी गटारांच्या तोंडाच्या वर जाते आणि त्याच तासाला जोराचा पाऊस आला तर पाणी जायला वाट उरत नाही, ते रस्त्यावरच थांबतं. तेव्हा घर एकदा उधाणाच्या दिवशी बघा, भर पावसात बघता आलं तर उत्तमच. तळमजल्यावर राहणाऱ्याला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. दलालाला विचारू नका. हा प्रश्न वाढणाराच आहे. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. तुम्ही कर्ज फेडाल तेव्हा तुमची मुलगी तिशीच्या आसपास असेल. घर तिच्याही वयापर्यंत कोरडं राहायला हवं.

किनारा चालत जाण्यासारखा आहे म्हणजे मुलं एक दिवस तुमच्याशिवाय तिथे जाणारच. ९ वर्षांच्या मुलीला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवा. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध जो पट्टा शांत दिसतो, तो पुष्कळदा पाण्याला आत ओढून नेणारा प्रवाह असतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर यायचं, मग किनाऱ्याकडे वळायचं. तिला येत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. आणि जीवरक्षक नसलेल्या जागी पाण्यात उतरायचंच नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, ताई नाहीच म्हणताहेत. तसं नाही. मी सांगितलं ना, त्या ११ वर्षांनी मला पुष्कळ दिलं. माझा मुलगा सायकल शिकला ती रस्त्यावर, माझ्याशिवाय, इतर मुलांच्या मागे धावत. तो कुणाच्या घरी आहे हे मला फोन न करता कळायचं, कारण दाराबाहेरच्या चपला ओळखता यायच्या. जिथे बहुतेक घरांत लहान मुलं असतात तिथे एक न सांगितलेला पहारा असतो. कुणीतरी आई गॅलरीत असतेच. तुमची मुलं आज जिन्यात खेळतात आणि तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्या वयाला ही वस्ती पुढची आठ-दहा वर्षं खरोखर मानवेल. या सुखाला मी कमी लेखणार नाही.

मात्र हा पहारा आपोआप मिळत नाही, त्यासाठी ओळख लागते, आणि ओळख होते शाळेच्या फाटकाशी, बागेतल्या बाकावर, दुपारी चार वाजता. त्या वेळी तुम्ही ऑफिसात असाल. माझी ती शेजारीण मला मिळाली ती योगायोगाने, आमच्या दोघींच्या मोऱ्यांची भिंत एक होती आणि नळ गळत होता म्हणून. तुमच्या घरी मात्र तीन दिवस घरून काम करणारा एक बाप आहे. फाटकाशी त्यानं उभं राहायचं. इतर पालकांचे नंबर त्याच्या फोनमध्ये हवेत. शाळेच्या अर्जात ‘प्रथम संपर्क’ या रकान्यात त्याचा नंबर हवा. ही बारीक गोष्ट वाटेल, पण माझं सगळं सांगणं या एका रकान्यात मावतं. शाळा पहिला फोन आईला करते. आई १ तास ५० मिनिटांवर असते, बाप खालच्या रस्त्यावर असतो, तरी आईच धावत सुटते आणि गाडीतून बापाला फोन करते. हे बदललं तर त्या उपनगरातलं तुमचं आयुष्य बदलेल. हे बदललं नाही तर कितीही मोठी बाल्कनी तुम्हाला पुरणार नाही.

तेव्हा नवऱ्याशी बोला. ‘मला भीती वाटते’ असं म्हणाल तर तो तुमची समजूत घालायला लागेल आणि तुम्ही पुन्हा गप्प बसाल. कागद समोर ठेवा. तुमच्या नावापुढे आठवड्याचे प्रवासाचे तास लिहा, त्याच्या नावापुढे त्याचे. दोन दिवस, जाऊन-येऊन, त्याचे दीड-दोन तास होतील. तुमचे पावणेतेराच्या आसपास. मग म्हणा, हे फरकाचे अकरा तास आपल्या दोघांच्या घरासाठी जाणार आहेत, ते माझ्या एकटीच्या खात्यातून कसे द्यायचे? सकाळचा डबा, शाळेत पोहोचवणं, संध्याकाळचा स्वयंपाक, गृहपाठ, मुलांची आजारपणं, यांतलं आजपासून तुझं काय? ‘मी मदत करीन’ या उत्तरावर थांबू नका. मदत ही दुसऱ्याच्या कामाला करतात. कोणतं काम कुणाचं, हे वाराप्रमाणे ठरू द्या. तुमचा नवरा वाईट माणूस आहे असं मला पत्रातून अजिबात वाटलं नाही. ‘अडतंय कुठे’ हे तो मनापासून विचारतोय, कारण त्याला खरंच दिसत नाहीये. दाखवा त्याला.

सासूबाईंनी सामान बांधायला घेतलंय, हे वाचून बरं वाटलं. पण त्यांना कुणी विचारलंय का, की दुपारी मुलांना सांभाळायचं तुमच्यावर पडलं तर चालेल का? अशा बेतांमध्ये आजी गृहीत धरलेली असते. त्यांना होकार द्यायची आणि वेळ आली तर नकार द्यायचीही जागा ठेवा. शिवाय त्यांना चालत जाता येईल अशा अंतरावर दवाखाना आणि बोलायला चार समवयस्क आहेत का, ते बघा. कुटुंबांच्या वस्त्या कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार फार शांत असतात. समुद्राची गाज पहिल्या आठवड्यात छान वाटते, मग माणसाचा आवाज हवासा वाटतो.

तुमच्या ऑफिसात आत्ताच, घर घेण्याआधी विचारा. आठवड्यातला एक दिवस घरून, किंवा रोज गर्दीच्या आधी येऊन लवकर निघणं, जे जमेल ते. एका दिवसाने तुमचे दर आठवड्याला अडीच तास वाचतात. ‘आधी राहायला जाऊ, मग विचारू’ असं करू नका, तेव्हा हातात काही उरत नाही. आणि मुलीचा विचार करताना आजच्या ९ वर्षांच्या मुलीबरोबर १७ वर्षांच्या मुलीचाही करा. तिचं कॉलेज बहुधा शहरात असेल आणि मग संध्याकाळच्या गाडीत तुम्ही दोघी असाल.

माझं मत विचाराल तर, शक्य असेल तर वर्षभर भाड्याने राहून बघा. वर्षाचे सगळे ऋतू, एक उधाण, मुलाचा एक ताप आणि एक बंद पडलेली गाडी अनुभवल्याशिवाय अशा घराचे खरे गुणदोष कळत नाहीत. भाड्याने राहणं जमत नसेल आणि निर्णय आत्ताच हवा असेल, तर ‘हो’ म्हणायला हरकत नाही, पण तो कागद भरल्यावर. त्याआधी नाही.

त्याच्याही आधी एक काम करा. येत्या मंगळवारी किंवा बुधवारी, म्हणजे कामाच्या दिवशी, नवऱ्याला सुट्टी घ्यायला सांगा. पहाटे दोघं त्या उपनगरात जा, त्या घराच्या दारात उभे राहा आणि घड्याळ लावून तिथून निघा. तुमच्या ऑफिसपर्यंत त्याला बरोबर न्या, त्याच गर्दीतून. तुम्ही कामाला बसा. त्याला म्हणावं, दुपारी दोन वाजता शाळेतून फोन आलाय असं समज आणि त्या शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचून दाखव. पोहोचल्यावर त्याने तुम्हाला फोन करायचा. किती वाजले होते, तेवढं मला दोन ओळींत कळवा.

तुमची,
ताई